नॉरफोक ब्रॉड्स : बोटीतून पवनपंप बघायला उतरावं, की फोटो काढून पुढे जावं?

सांगलीची_पोर
मंडळी, ऑगस्टमध्ये आई-बाबा सांगलीहून येतायत. आम्ही मिल्टन कीन्सला असतो. चार-पाच दिवस नॉरफोक ब्रॉड्समध्ये (पूर्व इंग्लंडमधला नद्या आणि उथळ तळ्यांचा प्रदेश) बोट घ्यायचं चाललंय. रॉक्समहून निघायचं, झोपायची-स्वयंपाकाची सोय बोटीतच, चालवायची आपली आपण. कुठलंही माहितीपत्रक उघडा, चित्र एकच: नदीचं वळण, काठावर पांढरीशुभ्र पवनचक्की, पुढून जाणारी शिडाची होडी. ती थर्न नदीवरची थर्न मिल. दुसरी नेहमी दिसते ती हॉर्सीची, लाल विटांची, नॅशनल ट्रस्टकडे (वारसास्थळं सांभाळणारी संस्था) असलेली.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. ही पिठाची चक्की नाही, पाणी उपसायचा पंप आहे, असं मी त्यांना बोलून बसले. तेव्हापासून रोज फोनवर तोच प्रश्न : नदी शेजारी वाहत असताना हे लोक पाणी उपसत होते कुठून, आणि टाकत होते कुठे? नवरोबांचं मत वेगळंच आहे. आता थेंबभर पाणी न उचलणारा पंप बघायला बोट बांधायची, उतरायचं, परत सोडायची, हे त्यांना मान्य नाही. त्यापेक्षा त्याच काठावर पब आहे म्हणतात.

दोन्हींपैकी कुठला बघू? बोटीने दोन्हीकडे जाता येतं का? आणि बाबांना काय सांगू?

काठावरचा_कासव
रुमाल ठेवतो. सविस्तर रात्री.

पुलाखालून
बोट ठरवायच्या आधी हे वाचा. रॉक्समहून ब्युअर नदीने खाली यायचं. हॉर्निंग, रॅनवर्थ सोडलं की पुढे डावीकडे थर्नचं मुख लागतं. तिथून वर वळलात की थोड्याच वेळात उजव्या हाताला थर्न मिल. फाटा चुकायची भीती नको, मिल लांबूनच दिसते. हा रस्ता सोपा आहे, आजवर बोट न चालवलेला माणूसही जाऊ शकतो. लायसन लागत नाही, बोट ताब्यात देताना शिकवतात.

हॉर्सीची गोष्ट वेगळी. मधे पॉटर हायमचा दगडी पूल आहे, मध्ययुगातला. मधली कमान अर्धगोल आणि इतकी ठेंगणी, की सरासरी भरतीला माथ्यापाशी जेमतेम दोन मीटर जागा उरते. भाड्याची बोट पायलटशिवाय (पुलाखालून बोट काढून देणारा तिथला जाणकार) त्याखालून न्यायला परवानगी नसते, आणि पाणी चढलेलं असेल तर पायलटही 'नाही' म्हणतो. मोठ्या केबिनच्या बऱ्याच बोटी तर कधीच बसत नाहीत. तेव्हा बोटीने थर्न नक्की, हॉर्सी देवाच्या मर्जीवर.

सौ_उपद्व्यापी
आमची बोट त्या पुलाखालून पायलटनेच नेली होती. आम्ही सगळे आत खाली बसलेलो, सासूबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. पायलट पोरगा विशीतला असेल, एका हाताने सुकाणू धरून शेजारच्या बोटवाल्याशी गप्पा मारत होता. रामरक्षेचा पहिला श्लोक संपायच्या आत आम्ही पलीकडे.

कोरडा_विनोद
म्हणजे पायलटला रामरक्षा पाठ होती.

काठावरचा_कासव
हं, आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. खरं तर हा प्रश्नच या सगळ्या प्रदेशाची किल्ली आहे.

ब्रॉड्स म्हणजे ती उथळ तळी. ती निसर्गाने केली असंच बराच काळ मानलं जायचं. जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात तळाला ठिकठिकाणी भोकं पाडून नमुने काढले, तेव्हा तळ्यांच्या बाजू जवळजवळ उभ्या तासलेल्या निघाल्या. तळी अशी नसतात, खाणी असतात. साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात लोकांनी जळणासाठी पीट (दलदलीत साचलेली, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) खणून काढलं, नंतर पाण्याची पातळी चढली आणि खड्डे भरले. आज सुट्टीला येणारे बोटवाले ज्यावर तरंगतात ती मध्ययुगातली इंधनाची खाण आहे.

आता पंप. नद्यांच्या दोन्ही अंगाला दलदल होती. ती कुरणासाठी हवी होती, म्हणून नदीला बांध घातले आणि आत चर खणले. पावसाचं, झिरपलेलं पाणी चरात जमतं. पण चर खाली आणि नदी वर. म्हणून चरातलं पाणी उचलून बांधापलीकडे नदीत टाकायचं, एवढंच या पंपाचं काम. बाबांना सांगा, ही उपसा सिंचन योजना उलटी लावलीय. आपण नदीतून शेतात उचलतो, हे शेतातून नदीत.

मानशीकार
मी गोव्याचा, म्हणून लगेच शंका आली. आमच्याकडे खाजन शेतीत हेच दुखणं आहे, खाडीचं पाणी बाहेर, शेत आत आणि खाली. पण पंप नाही. बांधात मानस बसवलेली असते, लाकडी दारांची. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दारं बाहेर उघडतात आणि शेतातलं पाणी निघून जातं. भरती आली की तीच भरती दारं ढकलून बंद करते. वारा नको, डिझेल नको. कोकणातल्या खारभूमीच्या बांधांना उघडी असते, तीही याच जातीची. मग या इंग्रजांना एवढा मनोरा कशाला लागला?

काठावरचा_कासव
@मानशीकार, फर्मास प्रश्न. मानस चालायला ओहोटीचं पाणी शेताच्या खाली जावं लागतं. मांडवी-झुवारीत भरती-ओहोटीचा फरक चांगला असतो. थर्नसारख्या आतल्या नदीत समुद्राची लाट पोचेपर्यंत दम तोडते, पातळी फार थोडी हलते. आणि दुसरं म्हणजे पीटची जमीन कोरडी केली की आक्रसते, हवा लागून कुजते आणि खाली बसते. म्हणजे जितकं उपसाल तितकं शेत खाली जाणार, आणि शेत खाली गेलं की आणखी उपसायचं. एकदा पंप लावला की सुटका नाही.

मानशीकार
समजलं. म्हणजे आमचे पूर्वज हुशार नव्हते, आमची भरती हुशार होती.

पुणेरी_थर्मास
माफ करा, पण मी धागाकर्तीच्या यजमानांच्या बाजूने. गेल्या उन्हाळ्यात ब्रॉड्सला जाऊन आलो. पवनचक्क्या लांबून फारच सुरेख. जवळ गेलं की विटांचा मनोरा, एक कुलूप आणि एक पाटी. युरोपात जाऊन माणूस किती पाट्या वाचणार? काम विजेचा पंप करतो, तो शेजारी पत्र्याच्या किंवा विटांच्या खोपटात असतो, आणि त्याचा फोटो कोणीही काढत नाही. जे यंत्र काम करत नाही त्याच्या पात्यांवर लोकांनी एवढा पैसा का घालवावा, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

लेथवाला_इचलकरंजी
@पुणेरी_थर्मास, कुलूप लागलेल्या दिवशी गेलात त्याला यंत्र काय करणार? मी हॉर्सीला आतून वर चढून आलोय. इचलकरंजीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, त्यामुळे बायको-पोरं बाहेर आइस्क्रीम खात होती आणि मी आत गिअर बघत बसलो.

सांगतो काय बघायचं ते. पाती एका तिरक्या जाड शाफ्टवर. त्या शाफ्टवर मोठं दातेरी चाक, त्यालाच भोवती ब्रेकचा पट्टा. ते चाक उभ्या शाफ्टला फिरवतं, उभा शाफ्ट मनोऱ्याच्या पोटातून सरळ खाली, आणि खाली परत गिअर लावून पंप. अशा गिरण्यांत बऱ्याच ठिकाणी ओतीव लोखंडाच्या चाकात लाकडी दाते ठोकलेले असतात, पाचरी मारून. लोखंडावर लोखंड नाही चालवायचं, लोखंडावर लाकूड. आवाज कमी, ठिणगी नाही, आणि वादळात काही अडकलंच तर लाकडी दाता तुटतो, चाक वाचतं. दाता नवा बसवायला मार्शमन (चक्की आणि कुरण सांभाळणारा गडी) पुरतो, चाक नवं ओतायला फाउंड्री लागते. आमच्याकडे शिअर पिन लावतात ती याच विचाराने.

आणि पाती. नीट बघा, ती सलग फळी नसते. जुन्या वाड्याच्या खिडकीच्या झिलमिल्यांसारख्या झडपा असतात, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. त्यांची दांडी पोकळ शाफ्टमधून आरपार मागे येते, तिथे साखळीला वजन लटकवलेलं. वारा वजनापेक्षा जास्त ढकलायला लागला की झडपा आपोआप उघडतात, वारा निसटतो, वेग आवरतो. ही युक्ती १८०७ ची, विल्यम क्युबिटची, आणि तो नॉरफोकचाच, डिलहमचा. त्याआधी सोसाट्याचा वारा सुटला की चक्की थांबवून कापडाची शिडं हाताने आवरायला लागायची.

मागे जी छोटी चक्री दिसते ती शोभेची नाही. वाऱ्याने दिशा बदलली की ती फिरायला लागते आणि गिअर लावून अख्खी टोपी वळवते, पाती परत वाऱ्यासमोर. कुठे मोटर नाही, कुठे सेन्सर नाही.

सांगलीची_पोर
@लेथवाला, हे बाबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. 'वजन किती किलोचं?' असा प्रश्न आलाय.

लेथवाला_इचलकरंजी
वाऱ्यावर आणि कामावर. जास्त पाणी उपसायचं तर जास्त वजन टांगायचं. काकांना नमस्कार सांगा, बरोबर जागी बोट ठेवलं.

कोरडा_विनोद
नॉरफोकच्या चक्क्यांची टोपी उलट्या होडीच्या आकाराची असते हे कोणीच कसं लिहिलं नाही? खाली होडी, वर होडी, मधे पुणेरी थर्मास विचारतोय पैसे कशाला घालवले.

पुणेरी_थर्मास
हलके घेतले. प्रश्न तिथेच आहे.

दलदलीतली_बगळी
प्रश्न तिथेच आहे तर उत्तर देऊ या. मी नॉरिचला राहते, पक्षी बघायला या भागात सतत असते.

हॉर्सीचा आत्ताचा मनोरा १९१२ चा, जुन्या चक्कीच्या पायावर बांधलेला. बांधणारा लडहमचा डॅन इंग्लंड. त्यांच्या घराण्याचा धंदाच चक्क्या बांधायचा. म्हणजे ही राणी एलिझाबेथच्या काळातली वगैरे नाही, टायटॅनिक बुडाली त्या वर्षीची. १९४३ ला वीज पडली आणि पाती गेली. तोवर इंजिनांचा जमाना आलाच होता, त्यामुळे वाऱ्यावर पाणी उपसणं परत सुरू झालं नाही. १९४८ ला नॅशनल ट्रस्टकडे आली. मधे डागडुजी झाली, १९८७ च्या वादळाने पुन्हा नासधूस केली. शेवटी नवी टोपी, नवी पाती बसून २०१९ ला ती फिरली. पात्यांवर वारा घेऊन चक्की फिरताना बघणं हे ज्यांनी १९४३ नंतर जन्म घेतला त्यांना तोवर मिळालंच नव्हतं.

आता पैशाचं. हॅल्व्हरगेटच्या कुरणातल्या पडक्या चक्क्या अलीकडे दुरुस्त केल्या, त्यात इथल्या कॉलेजातल्या बांधकाम शिकणाऱ्या मुलामुलींना हाताशी घेतलं. चुन्याचं काम, जुन्या पद्धतीची सुतारकी हे त्यांना वर्गात शिकायला मिळालं नसतं. पंप पाणी उचलत नाही हे खरं, पण हात तयार झाले. मला तो खर्च पटतो. तुम्हाला नाही पटला तरी पक्ष्यांना काही फरक पडत नाही. :)

पुणेरी_थर्मास
मुलं शिकली हा मुद्दा मान्य. पात्यांचा अजून नाही.

वल्हं_मारू
अवांतर, पण बोट घेणाऱ्यांनी वाचाच. थर्न मिलच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठाला, दुसरी चक्की आहे, सेंट बेनेट्स लेव्हलची, विटांच्या रंगाची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात शिडाच्या बोटी फार. कारण सरळ आहे, चक्की बांधली तिथे वारा मोकळा लागतो, आणि शिडालाही तोच हवा. शिडवाले वाऱ्याविरुद्ध जाताना नदीत या काठावरून त्या काठाला नागमोडी जातात. इंजिनवाल्याने घाबरून मधेच वळायचं नाही. वेग कमी करा, तो वळून गेला की त्याच्या मागच्या अंगाने निघून जा. हॉर्न वाजवू नका. एका आपल्याच देशबंधूने वाजवला होता, त्याला मिळालेली नजर मी विसरलेलो नाही.

ब्युअरच्या वरच्या भागात, रॉक्सम-सॅलहाउसकडे, शिडाला वाराच मिळत नाही. दोन्ही काठांना रान माजलंय. पूर्वी लोक लव्हाळी-गवत कापायचे, दलदल उघडी राहायची. कापणं थांबलं, झाडं आली. जुन्या फोटोत चक्क्या मैलोन्‌मैल दिसतात, आज वळणावर आल्यावर एकदम समोर.

सौ_उपद्व्यापी
वेगमर्यादा पण सांगा की. ताशी ३ ते ६ मैल. आमच्या ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मर्यादा पाळली.

आजी_नंबर_१
मुली, थर्नच्या चरात (गावाशी बोटी बांधायचा नदीचा फाटा) बोट लावलीस तर कुकर जपून लाव. आम्ही संध्याकाळी खिचडी टाकली होती. दोन्ही बाजूच्या बोटी खेटून, सगळं निवांत, लोक वाइनचा पेला घेऊन पाण्याकडे बघत बसलेले. पहिली शिट्टी झाली तर शेजारचे आजोबा ताडकन उठून इंजिनच्या झाकणापाशी धावले. त्यांना वाटलं त्यांचंच काही फुटलं. मग त्यांना वाटीभर खिचडी आणि तूप द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच आमचा दोर सोडून दिला.

बोट बांधायची जागा कुठे चोवीस तास फुकट असते, कुठे पैसे पडतात, पाटी वाचा. ऑगस्टमध्ये दुपारी तीन-साडेतीनला जागा धर, संध्याकाळी मिळत नाही. आणि रात्री नदीत भाड्याची बोट चालवायची नसते.

इतिहासाचा_उंदीर
थर्न मिल १८२० ची. नंतर तिची उंची वाढवलीय, म्हणून वरचा भाग जरा वेगळा दिसतो. पण माझ्या मते या टापूतली सगळ्यात विचित्र चक्की सेंट बेनेट्स अॅबीची, थर्नच्या मुखापासून ब्युअरने थोडंच वर. मध्ययुगीन मठाचा दरवाजा, आणि त्या दरवाजाच्या पोटातच अठराव्या शतकात कोणीतरी चक्कीचा विटांचा मनोरा उभा केला. आज पाती नाहीत, टोपी नाही, नुसता बुंधा आणि त्याभोवती गॉथिक कमान. वारसा वगैरे शब्द तेव्हा नव्हते, दगड आयता मिळाला, पाया पक्का होता, बांधून टाकलं. आपल्याकडे किल्ल्याचे चिरे घराच्या जोत्यात जातात तो हिशोब.

आठव्या हेन्रीने मठ बंद केले त्यात हा औपचारिकपणे बंद झालाच नाही. नॉरिचचा बिशप आजही इथला अॅबट (मठाधिपती) असतो आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी प्रार्थनेला व्हेरीने येतो. व्हेरी म्हणजे इथली जुनी मालवाहू शिडाची होडी, एकच मोठं काळं शीड. पूल आला की डोलकाठी आडवी करायची, खाली वजन बांधलेलं असल्याने ती सहज पडते नि उठते. 'अल्बियन' ही १८९८ ची व्हेरी अजून पाण्यात आहे. तारीख जुळत असेल तर धागाकर्तीने अॅबीसमोर बोट लावावी.

बिनपाण्याचा_नळ
काडी टाकतो. हे सगळं रोमँटिक आहे, पण पंपांनी इथली दलदल मारली हे कोणी म्हणणार का? कुरण केलं, गाई चारल्या, आणि आता तेच लोक दलदल वाचवा म्हणतात.

दलदलीतली_बगळी
@बिनपाण्याचा_नळ, अर्धं बरोबर. वाऱ्यावरचा पंप वारा असेल तेव्हाच आणि तेवढंच उपसायचा. हिवाळ्यात कुरणात पाणी साचायचंच, त्यावर पाणपक्षी जगायचे. डिझेल आणि विजेचे पंप आल्यावर पाणी खोलवर उतरवता आलं, मग कुरणं नांगरून धान्य घ्यायची चढाओढ लागली. खरं नुकसान तिथे झालं. आज बऱ्याच कुरणांत मुद्दाम पाणी वर धरतात. हॉर्सीच्या परिसरात १९७९ ला क्रौंच परत आले, ब्रिटनमधून ते शतकानुशतके नाहीसे झाले होते. आणि स्वॅलोटेल फुलपाखरू, त्याची इथली जात ब्रिटनमध्ये फक्त ब्रॉड्सच्या दलदलीत टिकलीय.

पण पंप बंद करून टाका म्हणणाऱ्यांनी हॉर्सीचं १९३८ बघावं. फेब्रुवारीत समुद्र वाळूच्या टेकड्या फोडून आत आला. खारं पाणी शेतात, तळ्यात, गावात. ते काढायला महिने गेले आणि जमिनीतलं मीठ त्यानंतरही राहिलं. समुद्र चक्कीच्या वरच्या सज्जातून दिसतो, इतका जवळ आहे.

मानशीकार
खारं पाणी एकदा आत आलं की दोन-तीन पावसाळे पीक विसरायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बांध फुटला की अख्खा गाव रात्री चिखल घेऊन धावायचा. आता मजूर मिळत नाहीत.

पुणेरी_थर्मास
बगळीताईंचा हा प्रतिसाद आवडला. वरच्या सज्जातून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाली बसलेलं शेत एकदम दिसत असेल तर तेवढ्यासाठी मी चढेन. पात्यांबद्दल माझं मत राखीव.

सांगलीची_पोर
सगळ्यांचे आभार, धागा बाबांना पाठवला. त्यांनी वहीत आकृती काढून फोटो पाठवलाय, मानस आणि पवनपंप शेजारी-शेजारी. आता ठरलंय ते असं : रॉक्सम ते थर्न बोटीने, मुक्काम थर्नच्या चरात, येता-जाता सेंट बेनेट्स. हॉर्सीचं काय करू? बोट उंच केबिनची मिळतेय, म्हणजे पूल गेलाच. आणि आईचे गुडघे दुखतात, तिला वर चढता येईल का?

पुलाखालून
मोठी बोट पॉटर हायमला पुलाच्या अलीकडे बांधा आणि तिथे दिवसाची छोटी बोट भाड्याने घ्या. ती ठेंगणी असते, पुलाखालून जाते की नाही ते घेतानाच विचारा. किंवा सरळ टॅक्सी, हॉर्सी लांब नाही.

लेथवाला_इचलकरंजी
गुडघे दुखत असतील तर वर नको. आतले जिने म्हणजे जवळजवळ शिड्याच, उतरताना तोंड भिंतीकडे करून उतरावं लागतं. काकूंना खाली तळ्याच्या काठाला बसवा. काकांना मात्र वर धाडा, आणि मागून कोणीतरी जा.

वल्हं_मारू
आणि हाउ हिल विसरू नका, अँट नदीवर. तिथे बोर्डमन्स मिल आहे, मनोरा नाही, नुसता लाकडी सांगाडा, १८९७ चा. भिंत नसल्यामुळे शाफ्ट, गिअर, सगळं बाहेरून उघडं दिसतं. काकूंना काठावरूनच अख्खं यंत्र बघता येईल, एक पायरी चढायला नको. पलीकडच्या काठाला टर्फ फेन मिल. वाटेत लडहमचा पूल लागतो, तोही ठेंगणा आहे, बोटीच्या काचेजवळ तिची उंची लिहिलेली असते, ती पुलाच्या पट्टीशी ताडून बघा.

सांगलीची_पोर
हे उत्तम. नवरोबांनी आता बर्नी आर्म्स नावाचं काहीतरी काढलंय, सगळ्यात उंच तीच म्हणे. बोटीने जमेल का?

इतिहासाचा_उंदीर
उंच आहे खरी, सात मजली, वीस मीटरच्या वर. आणि सुरुवातीला ती पाणी उपसत नव्हती, सिमेंटसाठी भाजलेले खडे दळत होती. पण ती येअर नदीवर, ब्रायडन वॉटरच्या पलीकडच्या टोकाला. रॉक्समहून जायचं तर ग्रेट यार्मथ ओलांडावं लागतं. तिथे ओढ जोरात असते, पूल ठेंगणे, ओहोटी संपताना पाणी थांबतं ती वेळ गाठूनच जायचं. पहिल्याच खेपेला, आई-बाबा बोटीत असताना, अजिबात नको. तिथे गाडीरस्ता नाहीच. पाऊलवाट, बोट किंवा रेल्वे. नॉरिचहून यार्मथला जाणाऱ्या मोजक्या गाड्या बर्नी आर्म्सला थांबतात, त्याही विनंती केली तर. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावरून हात दाखवायचा. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. मधे दुकान नाही, पाण्याची बाटली बरोबर घ्या.